फर्डिनांड मार्कोस आणि फिलिपिन्सची सुरक्षा दले

फर्डिनांड मार्कोस हे ३० डिसेंबर १९६५ ते २५ फेब्रुवारी १९८६ या काळात फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष होते. सप्टेंबर १९७२ पासून त्यांनी लष्करी कायद्याच्या आधारे हुकूमशाही पद्धतीने राज्य केले. या राजवटीचा मुख्य आधार देशाची सशस्त्र दले, निमलष्करी दले, पोलीस व गुप्तचर संस्था हा होता. मार्कोस यांनी या यंत्रणेचा आकार, खर्च आणि अधिकार वाढवले. त्याचबरोबर बढत्या, मुदतवाढ व आर्थिक लाभ यांच्या वाटपातून तिची निष्ठा राज्यघटनेऐवजी स्वतःच्या व्यक्तीशी जोडण्याचा प्रयत्न केला. या धोरणामुळे त्यांची सत्ता दीर्घकाळ टिकली; परंतु त्याच धोरणातून अधिकाऱ्यांमध्ये फूट पडली. फेब्रुवारी १९८६ च्या जनआंदोलनाच्या वेळी मार्कोस यांच्या हाताशी रणगाडे, तोफा व विमाने होती, मात्र ती चालवण्याचे आदेश पाळले गेले नाहीत आणि त्यांना देश सोडावा लागला. सुरक्षा दलांच्या राजकीयीकरणाचे परिणाम त्यानंतरही अनेक वर्षे टिकून राहिले.

पार्श्वभूमी

फिलिपिन्सला ४ जुलै १९४६ रोजी अमेरिकेपासून स्वातंत्र्य मिळाले. नव्या प्रजासत्ताकाच्या सशस्त्र दलांची घडण अमेरिकी नमुन्यावर झाली होती. बागिओ येथील फिलिपिन्स मिलिटरी अकादमीत अधिकाऱ्यांना नागरी सत्तेच्या अधीन राहण्याची शिकवण दिली जात असे. भूदल, नौदल व हवाई दल यांच्या जोडीला फिलिपिन्स कॉन्स्टॅब्युलरी हे चौथे दल होते. ग्रामीण भागातील कायदा व सुव्यवस्था हे त्याचे मुख्य काम होते. शहरांतील व गावांतील पोलीस मात्र त्या त्या महापौराच्या अखत्यारीत असत.

१९५० च्या दशकाच्या प्रारंभी लुझोन बेटावरील हुक बंडखोरीचा बीमोड करताना सैन्याचे महत्त्व वाढले. त्या वेळचे संरक्षणमंत्री रामोन मॅगसेसे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. आशियातील प्रतिष्ठेचा मॅगसेसे पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. त्यांनी सैन्यातील गैरवर्तनाला आळा घातला, तसेच अनेक लष्करी अधिकाऱ्यांना नागरी प्रशासनातही आणले. तरीही १९७२ पूर्वी सैन्याने थेट सत्ता हाती घेण्याचा प्रसंग देशात आला नव्हता. अधिकाऱ्यांच्या नेमणुका व बढत्यांना काँग्रेसच्या नियुक्ती आयोगाची संमती लागत असे. त्यामुळे अधिकाऱ्यांना राजकारण्यांचे साहाय्य घ्यावे लागे. परंतु हे राजकारणी अनेक पक्षांचे व गटांचे असल्याने संपूर्ण सैन्य कोणा एका व्यक्तीच्या हाती जात नसे.

प्रारंभीचे संबंध (१९६५–१९७२)

मार्कोस यांनी दुसऱ्या महायुद्धातील पराक्रम हा आपल्या राजकीय प्रतिमेचा पाया केला होता. ‘माहार्लिका’ नावाच्या गनिमी दलाचे आपण नेतृत्व केल्याचा त्यांचा दावा होता. अमेरिकी लष्कराने युद्धानंतर केलेल्या चौकशीत हा दावा खोटा ठरवला होता, हे जानेवारी १९८६ मध्ये जाहीरपणे उघड झाले. मात्र त्यापूर्वीची वीस वर्षे युद्धवीर ही त्यांची ओळख सैन्याशी जवळीक साधण्यास उपयोगी पडली.

राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मार्कोस यांनी पहिले सुमारे तेरा महिने संरक्षण खाते स्वतःकडेच ठेवले. या काळात त्यांनी सशस्त्र दलांतील २५ पैकी १४ सर्वोच्च अधिकाऱ्यांना निवृत्त केले. त्यांत सशस्त्र दलांचे प्रमुख, भूदलाचे प्रमुख व कॉन्स्टॅब्युलरीचे प्रमुख यांचाही समावेश होता. रिकाम्या झालेल्या जागी आपल्या विश्वासातील माणसे आणताना त्यांनी स्वतःच्या इलोकोस प्रदेशातील अधिकाऱ्यांना झुकते माप दिले. रस्ते बांधणे, शाळांच्या इमारती उभारणे यांसारखी विकासकामे सैन्याकडे सोपवण्यात आली आणि संरक्षण खर्चात वाढ झाली.

याच काळात सुरक्षा दलांच्या गुप्त कारवायांविषयी पहिला मोठा वाद उद्भवला. मलेशियातील साबा प्रांतात घुसखोरी करण्यासाठी तरुण मुस्लिमांची एक तुकडी कोरेहिदोर बेटावर गुप्तपणे प्रशिक्षित केली जात होती. मार्च १९६८ मध्ये त्यांतील काही जणांना लष्करी अधिकाऱ्यांनी ठार मारल्याचा आरोप झाला. ‘जाबिदा हत्याकांड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात लष्करी न्यायालयाने आरोपी अधिकाऱ्यांना निर्दोष सोडले. दक्षिणेकडील मोरो मुस्लिमांच्या सशस्त्र चळवळीला या घटनेने चालना दिली.

१९६९ मध्ये मार्कोस पुन्हा निवडून आले. १९३५ च्या राज्यघटनेनुसार त्यांना तिसऱ्यांदा निवडणूक लढवता येत नव्हती. १९७० च्या प्रारंभी मनिलात विद्यार्थ्यांची तीव्र आंदोलने झाली. २१ ऑगस्ट १९७१ रोजी प्लाझा मिरांडा येथे विरोधी लिबरल पक्षाच्या सभेवर हातबॉम्ब फेकण्यात आले. त्यानंतर मार्कोस यांनी बंदी प्रत्यक्षीकरणाचा हक्क तात्पुरता स्थगित केला. १९६८ च्या अखेरीस स्थापन झालेला नवा कम्युनिस्ट पक्ष आणि मार्च १९६९ मध्ये उभी राहिलेली त्याची सशस्त्र शाखा, न्यू पीपल्स आर्मी, यांचा धोका पुढे करून कठोर उपायांची तयारी सुरू झाली.

लष्करी कायद्याची घोषणा

लष्करी कायदा लागू करणाऱ्या १०८१ क्रमांकाच्या उद्घोषणेवर २१ सप्टेंबर १९७२ ही तारीख होती. जनतेला तिची माहिती २३ सप्टेंबर रोजी देण्यात आली. आदल्या रात्री संरक्षणमंत्री हुआन पोन्से एन्रिले यांच्या मोटारीवर झालेला हल्ला हे तिचे एक तात्कालिक कारण म्हणून सांगण्यात आले. हा हल्ला बनावट होता, असे एन्रिले यांनी फेब्रुवारी १९८६ मध्ये सांगितले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींमध्ये मात्र त्यांनी तो खरा असल्याचे म्हटले.

या निर्णयात मार्कोस यांच्याबरोबर असलेला निकटवर्तीयांचा गट ‘रोलेक्स ट्वेल्व्ह’ या नावाने ओळखला जातो. या बारा जणांपैकी एन्रिले व उद्योगपती एदुआर्दो कोहुआंग्को हे दोघे वगळता उर्वरित दहा जण सैन्यातील किंवा कॉन्स्टॅब्युलरीतील अधिकारी होते. सशस्त्र दलांचे प्रमुख रोमिओ एस्पिनो, कॉन्स्टॅब्युलरीचे प्रमुख फिदेल रामोस आणि राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा दलाचे प्रमुख फाबियान वेर यांचा त्यांत समावेश होता. यांतील एन्रिले व रामोस यांनीच पुढे १९८६ मध्ये मार्कोस यांच्याविरुद्ध बंड केले.

उद्घोषणेच्या रात्रीच सिनेटर बेनिग्नो अक्विनो, सिनेटर होसे दिओक्नो तसेच अनेक पत्रकार व कार्यकर्ते यांना अटक झाली. वृत्तपत्रांची कार्यालये, रेडिओ व दूरचित्रवाणी केंद्रे सैनिकांनी ताब्यात घेतली. काँग्रेसचे कामकाज बंद पडले. त्याबरोबर अधिकाऱ्यांच्या बढत्या तपासणारा नियुक्ती आयोगही संपला आणि हा अधिकार एकट्या राष्ट्राध्यक्षांकडे आला. लष्करी कायदा असूनही शासन सेनाधिकाऱ्यांच्या मंडळाच्या हाती गेले नाही. सर्वोच्च निर्णय मार्कोस घेत आणि सैन्य ते अंमलात आणत असे.

सुरक्षा यंत्रणेचा विस्तार

सशस्त्र दलांचे मनुष्यबळ १९७१ मधील सुमारे ५७,००० वरून १९७६ पर्यंत सुमारे १,१३,००० झाले, म्हणजे पाच वर्षांत ते जवळपास दुप्पट झाले. मिंदानाओ व सुलू येथे मोरो नॅशनल लिबरेशन फ्रंटशी १९७२ नंतर सुरू झालेले युद्ध हे या वाढीचे एक खरे कारण होते. फेब्रुवारी १९७४ मध्ये सुलूमधील होलो हे शहर लढाईत मोठ्या प्रमाणात उद्ध्वस्त झाले. डिसेंबर १९७६ च्या त्रिपोली करारानंतर या युद्धाची तीव्रता कमी झाली, परंतु सैन्याचा आकार पुन्हा घटला नाही.

ऑगस्ट १९७५ मध्ये ‘इंटिग्रेटेड नॅशनल पोलीस’ हे दल स्थापन करून महापौरांच्या अखत्यारीतील पोलीस कॉन्स्टॅब्युलरीच्या नियंत्रणाखाली आणण्यात आले. यामुळे देशातील बहुतेक सर्व शस्त्रधारी शासकीय दले एकाच साखळीत आली. स्थानिक नेत्यांच्या हातचे पोलीसबळ व खासगी सशस्त्र टोळ्या यांना आळा बसला, मात्र मार्कोस यांच्या निकटवर्तीय घराण्यांच्या टोळ्यांना त्यातून मोकळीक मिळाली. १९७६ पासून गावपातळीवर ‘सिव्हिलियन होम डिफेन्स फोर्स’ हे निमलष्करी दल उभारण्यात आले. अल्प प्रशिक्षण व सैल शिस्त यांमुळे हे दल मानवी हक्कांच्या उल्लंघनासाठी कुप्रसिद्ध झाले.

या रचनेच्या केंद्रस्थानी दोन संस्था होत्या. राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षेसाठी असलेली पथके वाढत जाऊन त्यांची ‘प्रेसिडेन्शियल सिक्युरिटी कमांड’ ही स्वतंत्र व सुसज्ज कमांड झाली. ‘नॅशनल इंटेलिजन्स अँड सिक्युरिटी ऑथोरिटी’ ही संस्था सर्व गुप्तचर विभागांवर देखरेख ठेवत असे. विरोधकांबरोबरच सैन्यातील अधिकाऱ्यांवरही तिची नजर असे. या दोन्ही संस्था फाबियान वेर यांच्या हाती होत्या.

या विस्तारास अमेरिकेचे साहाय्य लाभले. क्लार्क हवाई तळ आणि सुबिक नौदल तळ यांमुळे अमेरिकेच्या दृष्टीने फिलिपिन्सचे महत्त्व मोठे होते. तळांविषयीच्या करारात १९७९ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा पाच वर्षांसाठी ५० कोटी डॉलरचे आणि १९८३ मध्ये पुढील पाच वर्षांसाठी ९० कोटी डॉलरचे सुरक्षा व आर्थिक साहाय्य देण्याचे अमेरिकेने मान्य केले.

निष्ठा टिकवण्याची साधने

व्यक्तिगत नाती

मार्कोस व वेर या दोघांचेही जन्मगाव इलोकोस नोर्ते प्रांतातील साराट हे होते. वेर यांनी लष्करी अकादमीत शिक्षण घेतले नव्हते. फिलिपिन्स विद्यापीठातील राखीव अधिकारी प्रशिक्षणातून ते सैन्यात आले आणि मार्कोस सिनेटमध्ये असल्यापासून त्यांच्या निकट सेवेत होते. वेर यांचे पुत्रही राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा दलात अधिकारी होते. फिदेल रामोस हे मार्कोस यांचे दूरचे नातलग होते, परंतु त्यांची ओळख वेगळी होती. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट अकादमीचे ते पदवीधर होते, तसेच कोरिया व व्हिएतनाम येथील मोहिमांचा त्यांना अनुभव होता. १९८१ मध्ये एस्पिनो निवृत्त झाल्यावर सशस्त्र दलांचे प्रमुखपद रामोस यांना मिळेल, अशी अनेक अधिकाऱ्यांची अपेक्षा होती. मार्कोस यांनी वेर यांची निवड केली. गुप्तचर संस्थेचे प्रमुखपदही वेर यांच्याकडेच राहिले.

बढत्या व मुदतवाढ

नियमानुसार अधिकाऱ्याने ३० वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त होणे अपेक्षित होते. मार्कोस यांनी निष्ठावान सेनापतींना वारंवार मुदतवाढ दिली. अशा सेनापतींचे पद राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर अवलंबून असल्याने त्यांची निष्ठा पक्की होत असे. मात्र वरच्या जागा रिकाम्या होत नसल्याने कर्नल, मेजर व कॅप्टन दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या बढत्या वर्षानुवर्षे अडून राहिल्या.

नागरी अधिकार व आर्थिक लाभ

सैनिकांचे वेतन व भत्ते वाढवण्यात आले. नागरिकांवरील काही गुन्ह्यांचे खटले लष्करी आयोगांपुढे चालू लागले. बेनिग्नो अक्विनो यांना अशाच एका आयोगाने नोव्हेंबर १९७७ मध्ये मृत्युदंडाची शिक्षा सुनावली. ती अंमलात आणली गेली नाही. विरोधकांकडून जप्त केलेल्या काही उद्योगांचे व्यवस्थापन, शासकीय महामंडळे व स्थानिक प्रशासन यांतही अधिकाऱ्यांच्या नेमणुका झाल्या. त्यामुळे अधिकार व उत्पन्न यांचे नवे मार्ग खुले झाले आणि भ्रष्टाचार बोकाळला.

अधिकारांची विभागणी

कोणत्याही एका अधिकाऱ्याच्या हाती फार मोठे बळ एकवटू नये, याची मार्कोस दक्षता घेत. एन्रिले, रामोस व वेर यांच्यातील स्पर्धा त्यांनी मिटवली नाही. १९८३ मध्ये प्रादेशिक एकत्रित कमांड स्थापन झाल्या. प्रदेशांतील सैन्य व कॉन्स्टॅब्युलरी त्यामुळे थेट सशस्त्र दलांच्या प्रमुखांच्या, म्हणजे वेर यांच्या, आदेशाखाली आली आणि एन्रिले व रामोस यांचे प्रत्यक्ष अधिकार कमी झाले. सत्तापालट रोखण्याच्या दृष्टीने ही विभागणी उपयुक्त होती, परंतु दुखावलेल्या दोन वरिष्ठ व्यक्तींना तिने एकमेकांच्या जवळ आणले.

दडपशाही

लष्करी कायद्याखाली संरक्षणमंत्र्यांच्या सहीच्या ‘अटक, झडती व जप्ती’ आदेशावर कोणालाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय ताब्यात घेता येत असे. सिनेटर दिओक्नो यांना आरोपपत्राशिवाय जवळपास दोन वर्षे कैदेत ठेवण्यात आले. कॉन्स्टॅब्युलरीच्या गुप्तचर शाखा अटक केलेल्यांना अधिकृत तुरुंगाबाहेरच्या गुप्त घरांत नेऊन त्यांची चौकशी करत. मारहाण, विजेचे झटके, पाण्यात गुदमरवणे व लैंगिक अत्याचार यांच्या तक्रारी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने १९७५ पासूनच्या आपल्या पाहणीत नोंदवल्या. देशातील नोंदी ठेवण्याचे काम प्रामुख्याने कॅथलिक धर्मसंघांनी १९७४ मध्ये स्थापन केलेल्या ‘टास्क फोर्स डिटेनीज ऑफ द फिलिपिन्स’ या संस्थेने केले.

पकडलेल्या व्यक्तीला ठार मारून तिचा मृतदेह रस्त्यावर टाकून देण्याच्या प्रकाराला फिलिपिन्समधील इंग्रजीत ‘सॅल्व्हेजिंग’ हा शब्द रूढ झाला. मूळ इंग्रजीत वाचवणे असा अर्थ असलेला हा शब्द तेथे नेमक्या उलट अर्थाने वापरला जातो. या काळात सुमारे ३,२०० हून अधिक न्यायबाह्य हत्या, ३५,००० छळाच्या घटना व ७०,००० अटका झाल्याचे अंदाज सामान्यतः उद्धृत केले जातात.

दडपशाहीचा रोख केवळ शहरी विरोधकांवर नव्हता. चिको नदीवरील धरणांना विरोध करणारे कलिंगा जमातीचे नेते माक्लिइंग दुलाग यांना २४ एप्रिल १९८० रोजी सैनिकांनी त्यांच्या घरी गोळ्या घालून ठार केले. त्यांच्या मृत्यूनंतर विरोध अधिक व्यापक झाला आणि धरणांचा प्रकल्प सोडून द्यावा लागला. २० सप्टेंबर १९८५ रोजी नेग्रोस बेटावरील एस्कालांते येथे निदर्शकांवर निमलष्करी दलांनी केलेल्या गोळीबारात सुमारे २० जण मृत्युमुखी पडले.

१७ जानेवारी १९८१ रोजी लष्करी कायदा औपचारिकपणे मागे घेण्यात आला. राष्ट्राध्यक्षांचे हुकूम काढण्याचे व स्थानबद्धतेचे अधिकार मात्र कायम राहिले. ज्या बंडखोरीच्या नावाने सुरक्षा दले वाढवण्यात आली, ती याच काळात फोफावली. १९६९ मध्ये अगदी लहान असलेल्या न्यू पीपल्स आर्मीचे बळ १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हजारोंच्या घरात गेले. सैनिकांच्या अत्याचारांमुळे ग्रामीण तरुण तिच्याकडे वळत असल्याचे सैन्यातील काही अधिकाऱ्यांचेही मत होते.

अक्विनो हत्या आणि तिचे पडसाद

हृदयशस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत गेलेले बेनिग्नो अक्विनो तीन वर्षांनी २१ ऑगस्ट १९८३ रोजी मनिलाला परतले. विमानतळावर सैनिक त्यांना विमानातून खाली नेत असतानाच त्यांची गोळी घालून हत्या झाली. हे काम कम्युनिस्टांनी पाठवलेल्या एका मारेकऱ्याचे असल्याचे सरकारने सांगितले. तो कथित मारेकरीही तेथेच मारला गेला होता.

निवृत्त न्यायमूर्ती कोराझोन आग्रावा यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने ऑक्टोबर १९८४ मध्ये दोन अहवाल दिले. दोन्ही अहवालांनी सरकारचे म्हणणे फेटाळून हत्येमागे लष्करी कट असल्याचा निष्कर्ष काढला. अध्यक्षांच्या अहवालात विमानतळ सुरक्षा दलाचे प्रमुख लुथर कुस्तोदिओ व काही सैनिक यांच्यावर ठपका होता; उर्वरित सदस्यांच्या अहवालात वेर यांचेही नाव होते. वेर रजेवर गेले आणि रामोस हंगामी प्रमुख झाले. २ डिसेंबर १९८५ रोजी विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले आणि त्याच दिवशी मार्कोस यांनी वेर यांना पुन्हा प्रमुखपदी बसवले. मार्कोस यांच्या पतनानंतर सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द ठरवला. फेरखटल्यात १९९० मध्ये कुस्तोदिओ यांच्यासह १६ सैनिकांना जन्मठेप झाली. हत्येचा आदेश मुळात कोणी दिला, हे न्यायालयात सिद्ध झाले नाही.

सैन्यातील असंतोष

१९७० च्या दशकात अकादमीतून बाहेर पडलेल्या अधिकाऱ्यांची पहिली नेमणूक बहुधा मिंदानाओच्या रणभूमीवर झाली. आघाडीवर बूट, औषधे व दारूगोळा अपुरा असताना राजधानीतील सुरक्षा कमांड सुसज्ज असल्याचे ते पाहत होते. मर्जीतील अधिकाऱ्यांच्या बढत्या, निवृत्त न होणारे सेनापती व वरिष्ठांचा भ्रष्टाचार या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. यांतून ‘रिफॉर्म द आर्म्ड फोर्सेस मूव्हमेंट’ अर्थात ‘राम’ ही संघटना आकारास आली. मार्च १९८५ मध्ये अकादमीच्या पदवीदान सोहळ्यात तिने मार्कोस यांच्यासमोरच सुधारणांची मागणी जाहीरपणे मांडली. तिचे प्रमुख नेते कर्नल ग्रेगोरिओ होनासान हे एन्रिले यांच्या सुरक्षा पथकात होते आणि एन्रिले यांचा संघटनेस छुपा पाठिंबा होता.

या संघटनेचे स्वरूप संमिश्र होते. इतिहासकार आल्फ्रेड मकॉय यांनी ‘क्लोजर दॅन ब्रदर्स’ (१९९९) या ग्रंथात तिच्यातील काही अधिकारी पूर्वी छळ करणाऱ्या पथकांत होते, याकडे लक्ष वेधले आहे. कैद्यांवर अमर्याद सत्ता गाजवण्याच्या अनुभवातून नागरी सत्तेच्या अधीन राहण्याची त्यांची वृत्ती नष्ट झाली, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

फेब्रुवारी १९८६

आर्थिक संकट व अमेरिकेचा दबाव यांमुळे मार्कोस यांनी नोव्हेंबर १९८५ मध्ये मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली. ७ फेब्रुवारी १९८६ च्या मतदानात त्यांच्याविरुद्ध अक्विनो यांच्या पत्नी कोराझोन अक्विनो उभ्या होत्या. मतमोजणीत फेरफार होत असल्याचे सांगून निवडणूक आयोगाचे संगणक कर्मचारी काम सोडून बाहेर पडले. तरीही १५ फेब्रुवारी रोजी संसदेने मार्कोस यांना विजयी घोषित केले.

‘राम’च्या अधिकाऱ्यांनी मलाकान्यांग या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर हल्ल्याचा कट आखला होता. तो वेर यांच्या हेरांना समजला. अटक अटळ दिसू लागल्यावर २२ फेब्रुवारी रोजी एन्रिले यांनी संरक्षण मंत्रालय असलेल्या कॅम्प आगिनाल्दो येथे आश्रय घेतला. रामोस त्यांना येऊन मिळाले. त्यांच्यासोबत त्या वेळी केवळ काही शेकडो सैनिक होते. मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल हाइमे सिन यांनी ‘रेडिओ व्हेरितास’वरून नागरिकांना त्यांच्या मदतीस जाण्याचे आवाहन केले. कॅम्प आगिनाल्दो व कॉन्स्टॅब्युलरीचे मुख्यालय कॅम्प क्रामे यांच्यामधून जाणाऱ्या एपिफानिओ दे लोस सांतोस मार्गावर, म्हणजे ‘एड्सा’वर, लाखो लोक जमले.

२३ फेब्रुवारी रोजी आर्तेमिओ तादियार यांच्या नेतृत्वाखालील मरीन दलाची चिलखती वाहने कॅम्पच्या दिशेने निघाली. प्रार्थना करणारे नागरिक व जोगिणी वाटेत बसून राहिल्याने त्यांना थांबावे लागले. लोकांना चिरडून पुढे जाण्यास सैनिक तयार झाले नाहीत. २४ फेब्रुवारीच्या सकाळी कर्नल आंतोनिओ सोतेलो यांच्या तुकडीची लढाऊ हेलिकॉप्टरे कॅम्प क्रामेवर आली. ती हल्ला करतील असे वाटत असताना ती आत उतरली आणि वैमानिक बंडखोरांना मिळाले. त्याच दिवशी कॅम्प आगिनाल्दोमध्ये तोफांसह पोहोचलेले कर्नल ब्राउलिओ बाल्बास यांना कॅम्प क्रामेवर मारा करण्याचा आदेश वारंवार मिळाला. तोफांची मांडणी चालू असल्याचे सांगत त्यांनी वेळ काढला आणि अखेर गोळा डागलाच नाही.

दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपित झालेल्या पत्रकार परिषदेत वेर हे हल्ल्याची परवानगी मागताना आणि मार्कोस ती नाकारताना दिसले. हा प्रसंग मार्कोस यांच्या संयमाचा पुरावा म्हणून त्यांचे समर्थक सांगतात. मात्र बाल्बास यांना मिळालेले आदेश पाहता प्रत्यक्षात बळाचा वापर करण्याचे प्रयत्न झाले होते, हे स्पष्ट होते. २५ फेब्रुवारी रोजी कोराझोन अक्विनो यांनी क्लब फिलिपिनो येथे आणि मार्कोस यांनी प्रासादात स्वतंत्रपणे शपथ घेतली. त्याच रात्री मार्कोस कुटुंब व वेर अमेरिकी हेलिकॉप्टरांनी क्लार्क तळावर आणि तेथून पुढे गुआममार्गे हवाईला गेले. मार्कोस यांचे २८ सप्टेंबर १९८९ रोजी होनोलुलू येथे निधन झाले.

परिणाम

बंड करून सत्ता मिळवून देता येते, हा अनुभव घेतलेले अधिकारी सहजासहजी बराकीत परतले नाहीत. कोराझोन अक्विनो यांच्याविरुद्ध सत्तापालटाचे अनेक प्रयत्न झाले. ऑगस्ट १९८७ मधील उठाव होनासान यांच्या नेतृत्वाखाली झाला. डिसेंबर १९८९ मधील सर्वांत गंभीर प्रयत्न मोडून काढताना अमेरिकी लढाऊ विमानांनी मनिलावर घिरट्या घालून सरकारला साहाय्य केले. सशस्त्र दलांचे प्रमुख व नंतर संरक्षणमंत्री म्हणून रामोस सरकारच्या बाजूने उभे राहिले. ते १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. १९९५ मध्ये बंडखोर अधिकाऱ्यांशी शांतता करार झाला आणि त्याच वर्षी होनासान सिनेटवर निवडून आले.

फेब्रुवारी १९८७ मध्ये मंजूर झालेल्या राज्यघटनेत मार्कोस काळातील प्रत्येक साधनावर बंधन घालण्याचा प्रयत्न दिसतो. लष्करी कायदा प्रथमतः कमाल ६० दिवसांसाठीच लागू करता येतो. राष्ट्राध्यक्षांनी ४८ तासांत काँग्रेसला अहवाल द्यावा लागतो, काँग्रेसला तो रद्द करता येतो आणि सर्वोच्च न्यायालय त्याची छाननी करू शकते. नागरी न्यायालये चालू असताना नागरिकांवर लष्करी न्यायालयात खटला चालवता येत नाही. सेवेतील सैनिकांना नागरी पदांवर नेमण्यास मनाई आहे, निवृत्तीनंतर मुदतवाढीस बंदी आहे आणि सशस्त्र दलांच्या प्रमुखांचा कार्यकाळ सामान्यतः तीन वर्षांपुरता मर्यादित आहे. पोलीस दल राष्ट्रीय व नागरी स्वरूपाचे असावे, या तरतुदीनुसार कॉन्स्टॅब्युलरी विसर्जित होऊन १९९१ मध्ये फिलिपिन्स नॅशनल पोलीस हे दल अस्तित्वात आले.

अत्याचारांची जबाबदारी निश्चित करण्याचे काम अपुरे राहिले. छळ व हत्यांसाठी फार थोड्या अधिकाऱ्यांना शिक्षा झाली. हवाईतील अमेरिकी न्यायालयाने सुमारे ९,५०० पीडितांच्या सामूहिक दाव्यात मार्कोस यांच्या मालमत्तेतून भरपाई देण्याचा आदेश दिला. २०१३ च्या कायद्यान्वये फिलिपिन्स सरकारने स्विस बँकांतून परत मिळालेल्या मार्कोस यांच्या पैशांतून १० अब्ज पेसोंची तरतूद केली. भरपाईसाठी ७५,००० हून अधिक अर्ज आले आणि त्यांपैकी ११,१०३ व्यक्तींना अधिकृतपणे पीडित म्हणून मान्यता मिळाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये मार्कोस यांचे पार्थिव मनिलातील वीरांच्या दफनभूमीत लष्करी मानवंदनेसह पुरण्यात आले, तेव्हा पीडितांच्या संघटनांनी तीव्र निदर्शने केली. २०२२ मध्ये त्यांचे पुत्र फर्डिनांड मार्कोस (कनिष्ठ) राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. राज्यघटनेनुसार सशस्त्र दलांचे सर्वोच्च प्रमुखपदही त्यांच्याकडे आले.